एकदाच दाबलेलं बटण

लिफ्टला हिसका बसला, दिवा मिचमिचला आणि आम्ही दोन मजल्यांच्या मधे थांबलो. आम्ही म्हणजे मी आणि एक अनोळखी बाई. सगळ्यात वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे, तिथून त्या आल्या असणार, कारण एक गाल त्यांनी रुमालाने धरला होता आणि खालचा ओठ एका बाजूला ओघळला होता. मला भीती वगैरे काही वाटली नाही, नुसता संताप आला. आजच व्हायचं होतं हे! खाली दादा गाडी सुरू ठेवून बसलाय. मागच्या सीटवर नाना, आमचे वडील, बसलेत. शहराबाहेर एक वृद्धाश्रम आहे, दादा त्याला ‘निवास’ म्हणतो, तिथली एक खोली रिकामी झालीय, ती बघायला आम्ही तिघं जाणार आणि संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवणार. दादाचं ‘हो’ केव्हाच झालंय. नानांना विचारलं तर ते खिडकीबाहेर बघतात. राहिले मी, आणि सकाळपासून ऑफिसात साहेबांनी मला खोलीत कोंडून लिफ्टमध्ये बसवायच्या नव्या डब्यांचं काय, वाढत्या कामाचं काय, असं करत डोकं पिकवलं होतं. त्यातून सुटले, घाईत फोन टेबलावरच विसरले, आणि आता ही लिफ्ट. बाईंनी आपला फोन काढून वर धरला, खाली धरला, भिंतीला लावला. पोलादी पेटीत रेंज कुठली येणार?

“बटण दाबा,” त्या म्हणाल्या. भूल उतरलेली नव्हती, त्यामुळे शब्द अर्धेमुर्धे गालातच राहत होते, पण कळत होतं.

मी लाल बटण दाबलं. एकदा. त्याच्याभोवतीचं कडं उजळलं आणि विझलं, म्हणजे इशारा गेला.

“पुन्हा दाबा ना.”

“एकदा पुरतं.”

“पण कोणी बोलत नाहीये.”

“बोलतील. इशारा गेलाय. पुन्हा पुन्हा दाबून तो लवकर पोचत नाही.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू लिफ्ट मीच बंद पाडली होती. एका अर्थाने त्यांचं चुकत नव्हतं. त्या बटणामागे एक छोटा डबा असतो, तो आमच्या कंपनीचा. शहरातल्या हजारो लिफ्टमध्ये असे डबे आहेत, आणि प्रत्येक डबा एक कनेक्शन कायम उघडं ठेवून आमच्या सर्व्हरशी जोडलेला असतो. तासातून एकदा तो ‘मी आहे’ एवढंच कळवतो, त्याला आम्ही ठोका म्हणतो. कुणी बटण दाबलं की इशारा पाठवतो. सर्व्हर तो इशारा कंट्रोल रूमच्या रांगेत टाकतो, आणि तिथली मुलगी बटणाशेजारच्या जाळीतून बोलते, घाबरू नका, माणूस पाठवतोय. तो सर्व्हर मी लिहिलाय. बटणावर एकदाच बोट ठेवून शांत उभं राहण्याचा मला जगात सगळ्यांपेक्षा जास्त अधिकार आहे, असं मला त्या क्षणापर्यंत वाटत होतं. बटण बडवणाऱ्या माणसांचं मला पहिल्यापासून वावडं आहे. ती सिग्नलला हॉर्न वाजवतात, दार उघडेपर्यंत बेलवरचं बोट काढत नाहीत, आणि एकच मेसेज तीन ठिकाणी पाठवून वर फोन करून विचारतात, मेसेज मिळाला का.

बाई खाली बसल्या, पर्स मांडीवर घेऊन. मी उभीच राहिले. जाळीतून काहीच आवाज येत नव्हता. कंट्रोल रूमची मुलगी चहाला गेली असेल, मी मनाशी म्हटलं, आणि मग आठवलं की तिथे दोघी असतात आणि त्या एकदम कधी उठत नाहीत. मग सर्व्हरचा लूप, त्याची ती न थांबणारी फेरी, अडकला असेल? शक्य नाही. माझा लूप अडकत नाही, त्यासाठीच तर मी वर्षानुवर्षं डोळे फोडलेत. हे काम काय असतं ते घरी कुणाला कधी समजावता आलं नाही, आईला सोडून. तिला समजलं, कारण ती स्वतः तेच करायची. एका शेगडीवर दूध, दुसरीवर कुकर, मशीनमध्ये कपडे, दारावर इस्त्रीवाला, फोनवर मावशी, आणि आई एकटी. ती कुठल्याच गोष्टीपाशी उभी राहायची नाही. दुधाशी उभं राहून काय करू, त्याला वर यायचं तेव्हा येईल, असं म्हणून ती कपड्यांकडे वळायची. शिट्टी झाली की कुकर, आवाज बदलला की दूध, बेल वाजली की दार. जे तयार असेल तेवढं करायचं आणि पुढे सरकायचं. माझा सर्व्हरही हेच करतो. हजारो डब्यांसाठी एकच फेरी सतत चालू असते, ज्याच्याकडून काही आलं असेल ते घ्यायचं, ज्याला काही द्यायचं असेल ते त्याच्या रांगेत ठेवायचं, आणि कुणापाशीही थांबायचं नाही. एकापाशी थांबलात की बाकीचे सगळे ताटकळले. आमच्या शेजारच्या काकू दारात उभ्या राहून जावेची गाऱ्हाणी सांगायला लागल्या की आईचं दूध हमखास उतू जायचं. “तुझ्या मशीनला म्हणावं, काकूंना आत घेऊ नकोस,” ती मला म्हणाली होती.

“झालं का हो तुमचं एकदा?” बाईंनी खालून विचारलं.

“काय?”

“एकदा पुरतं म्हणालात ना.”

मी जाळीला कान लावला. घड्याळ बघायचं टाळलं. खाली दादाचा पारा कुठवर चढला असेल ते घड्याळाशिवायही कळत होतं. तो वाईट नाही, माझा भाऊ. आई गेल्यापासून नानांचं सगळं तोच बघतो, मी सुट्टीच्या दिवशी जाते, भाजी निवडते, गप्पा मारते आणि परत येते. धावपळ त्याची आणि मतं माझी, असं तो मला तोंडावर म्हणालाय आणि त्यात खोटं काही नाही. त्याच्या मते नाना विसरायला लागलेत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तारीख बदलली, ते त्यांनी दादाला सांगितलंच नाही, दादा रजा काढून त्यांना भलत्याच दिवशी घेऊन गेला. “सांगितलं होतं,” नाना म्हणाले. “कधी?” दादाने विचारलं, तर ते गप्प. असं वरचेवर व्हायला लागलं. सांगितलं होतं, कधी, गप्प. समोरचा माणूस गप्प बसला की आपण त्याच्या वतीने उत्तर ठरवून टाकतो. दादाने ठरवलं. मीही फारसा वाद घातला नाही.

नाना शाळेत खेळाचे शिक्षक होते, आणि शहरातल्या शाळांचे फुटबॉलचे सामने त्यांच्याच शिट्टीवर चालायचे. शिट्टी एकदाच वाजते, ते म्हणायचे, ज्याला ऐकू आली नाही त्याने खेळात लक्ष ठेवावं. घरातही तोच कायदा होता. “पानं घेतलीत,” एकदाच. “उद्या लवकर उठायचंय,” एकदाच. मग मुलांनी ऐकलं तर ऐकलं. आमच्या नशिबाने आई नेमकी उलटी होती, आपण उठेपर्यंत ती बोलत राहायची. जेवायला चल, अगं चल ना, गार होतंय, किती वेळा हाक मारायची, मेले मी हाका मारून, पुस्तक ठेव खाली. आणि नानांचं एकदाचं बोलणंही तीच उचलून धरायची. “नाना काय म्हणताहेत ऐकलंस का? नाना म्हणताहेत बूट पॉलिश कर. अरे, नाना मघाशी काय म्हणाले?” नाना स्वतः मात्र तोवर पेपर वाचत बसलेले. आम्हाला वाटायचं की आईची कटकट आहे. तिला अख्खं घर भुणभुण म्हणायचं, नानासुद्धा.

गंमत अशी की सर्व्हरच्या कामातही नेमक्या ह्याच दोन तऱ्हा आहेत. कुठल्या डब्याकडून काही आलंय हे सर्व्हरला कळवते खालची यंत्रणा, ऑपरेटिंग सिस्टिम. तिला सांगता येतं, तू आईसारखं कळव किंवा नानांसारखं कळव. आईसारखं म्हणजे, डब्याचे निरोप येऊन साठतात त्या खिडकीत एक जरी चिठ्ठी न वाचता पडली असेल तरी ती प्रत्येक फेरीला सांगणार, इथे आहे काहीतरी, अगं इथे आहे, अजून इथेच आहे. नानांसारखं म्हणजे, नवीन काही आलं की त्या घटकेला एकदा सांगणार आणि मग गप्प. तुम्ही वाचा, नका वाचू, अर्धं वाचा, तिला त्याचं सोयरसुतक नाही. पुढची चिठ्ठी आली तरच ती पुन्हा तोंड उघडणार. ही दुसरी तऱ्हा फार वेगवान, कारण बडबड कमी. पण तिची एक अट असते. खबर मिळाली की ती खिडकी पूर्ण रिकामी होईपर्यंत वाचायची. एक चिठ्ठी घेतली, पुन्हा हात घालायचा, दुसरी घेतली, पुन्हा हात घालायचा, आणि ‘सध्या काही नाही, नंतर विचारा’ असं खालून उत्तर आलं की मगच पुढे जायचं. हे मी नव्या मुलांना फळ्यावर काढून शिकवते. माझा सर्व्हर पहिली कित्येक वर्षं आईसारखा चालला. मग डबे वाढले, साहेब म्हणाले ही भुणभुण कमी करा, आणि काही महिन्यांपूर्वी मी एका ओळीत ती तऱ्हा बदलून टाकली. सर्व्हर हलका झाला, साहेब खूश झाले, आणि मीटिंगमध्ये माझ्यासाठी टाळ्यासुद्धा वाजल्या.

“माझी भूल उतरायला लागलीय,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता कापत होता. “दाढ काढलीय हो माझी. घरी जाऊन गोळी घ्यायची होती.”

“येतील, येतीलच.”

“तुम्ही मघापासून तेच म्हणताय.”

मघापासून. किती वेळ झाला असेल? मला एकदम नाना आठवले, त्यांच्या लिफ्टमधले. असेच उभे असतील, हात पाठीमागे बांधून. गेल्या महिन्यात ते त्यांच्या इमारतीत पाऊण तास अडकले होते. डबा तिथेही आमचाच, मीच आग्रहाने बसवून घेतलेला, म्हातारे एकटे राहतात म्हणून. कुणीतरी जिन्यावरून जाताना त्यांचा खोकला ऐकला, मग धावपळ झाली, कारागीर आला, त्याने वीज बंद करून पुन्हा सुरू केली आणि लिफ्ट खाली आली. दादा तोवर पोचला होता. “ओरडायचं नाही का, नाना?” “बटण दाबलं होतं,” नाना म्हणाले. “बटण दाबल्यावर ओरडायचं कशाला?” दादाने तिथूनच मला फोन लावला. मी ऑफिसात होते, दोन मिनिटांत शोधलं. त्या डब्याकडून त्या दिवशी सर्व्हरला एकही इशारा आलेला नव्हता. शेवटपर्यंत नुसते ठोके होते, मी आहे, मी आहे.

“इशारा आलेला नाही, दादा.”

“म्हणजे त्यांनी दाबलंच नाही.”

“तसंच दिसतंय.”

हे माझे शब्द होते. दादाने फोन स्पीकरवर ठेवला होता हे मला नंतर कळलं. नाना शेजारीच उभे होते. त्यानंतर त्या बटणाबद्दल ते एक अक्षर बोललेले नाहीत. दादा मात्र बोलला, आणि जे बोलला ते मला खोडता आलं नाही. आज बटण दाबलं म्हणताहेत आणि दाबलेलं नाही, उद्या गॅस बंद केला म्हणतील आणि केलेला नसेल, मग काय करायचं? तू येणार आहेस रोज रात्री बघायला? निवासाचा विषय तिथून निघाला. त्याआधी नाना एकटे राहतात हा कुणाच्या कपाळावरच्या आठीचासुद्धा विषय नव्हता. त्यांचं घर, त्यांची सकाळची फेरी, पेपर, दुपारी खिडकीतून समोरच्या मैदानावरच्या मुलांना मनातल्या मनात फाऊल देणं, हे सगळं जे जायला निघालं होतं ते त्या एका बटणावरून. आणि बटण दाबलं नव्हतं हे सांगणारी मी होते, म्हणजे माझा सर्व्हर होता. त्याच्यापुढे नानांच्या सांगण्याला काय किंमत?

बाई उठल्या. “तुमचं ते एकदा पुरतं राहू द्या तुमच्यापाशी,” असं काहीसं पुटपुटल्या आणि त्यांनी अंगठा लाल बटणावर असा दाबला की जणू दातच उपटत होत्या. कडं उजळलं, विझलं, आणि जाळी लगेच खरखरली.

“हॅलो, ऐकू येतंय का? घाबरू नका, कोणी आत आहे का?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. तशी नजर मी माझ्या मोठ्या नणंदेच्या चेहऱ्यावरही पाहिलेली नाही. मला कानाखाली बसल्यासारखं झालं. योगायोग, मी म्हटलं. तरी तोंड जाळीला लावून माझी ओळख सांगितली, आणि विचारलं, “तुम्ही होतात कुठे इतका वेळ?”

“इथेच होते, मॅडम. इशारा आत्ता आला.”

“आम्ही मघाच दाबलं होतं. हा दुसरा आहे.”

“नाही मॅडम, माझ्याकडे एकच दिसतोय. आत्ताच आलेला.”

एकच कसा? दोनदा दाबलं तर दोन यायला हवेत. पहिला हरवला असेल तर का हरवला? माझं डोकं एकदम गार पडलं, कामात कधी कधी होतं तसं. डबा प्रत्येक इशाऱ्यावर स्वतःच्या घड्याळाची वेळ घालून पाठवतो. “त्या इशाऱ्यावर डब्याची वेळ काय पडलीय?” मी विचारलं.

थोडा वेळ नुसती खरखर आली. “अय्या मॅडम, ही वेळ तर दहा-बारा मिनिटांपूर्वीची आहे. डब्याचं घड्याळ बिघडलं असेल.”

“घड्याळ बरोबर आहे,” मी म्हटलं आणि स्वतः बटण दाबलं. “आता?”

“आता आणखी एक आला. ह्याच्यावरची वेळ... मघाशी मी बोलायला लागले तेव्हाची आहे.”

म्हणजे बाईंनी दाबलेला आत्ता पोचला होता, आणि मी आत्ता दाबलेला खिडकीत पडून होता. एक पाऊल मागे. कायमचं एक पाऊल मागे! डबा सुरू झाल्याबरोबर दोन चिठ्ठ्या एकापाठोपाठ पाठवतो, एक आपल्या नावाची आणि एक पहिल्या ठोक्याची. दोन्ही एकदम येतात, खालची यंत्रणा एकदाच सांगते, आणि माझा सर्व्हर एकच चिठ्ठी उचलून पुढे जातो. एकच का? कारण मीच तसं लिहिलं होतं, फार पूर्वी, आईच्या तऱ्हेच्या काळात. एखादा बोलघेवडा डबा शेजारच्या काकूंसारखा सगळा वेळ खाऊ नये म्हणून एका फेरीत एकाची एकच चिठ्ठी घ्यायची. तेव्हा ते बरोबर होतं, उरलेलं आई पुढच्या फेरीला पुन्हा सांगायचीच. मी आईला काढलं आणि ती ओळ तशीच राहू दिली. त्या दिवसापासून मागे राहिलेला पहिला ठोका दुसऱ्या ठोक्याला वाचला जातो, दुसरा तिसऱ्याला, आणि ठोके सगळे सारखेच दिसतात, त्यामुळे जगात कुणाला काही कळलं नाही. बटण दाबलं की वाचला जातो आधीचा शिळा ठोका, आणि इशारा खिडकीत पडून राहतो, पुढचं काहीतरी येऊन त्याला ढकलेपर्यंत. जी माणसं बटण बडवतात त्यांना दुसऱ्या फटक्याला उत्तर मिळतं. आमच्याकडची चाचणी करणारी मुलगी तर बोट काढतच नाही. सगळं शहर बडवत होतं, म्हणून सगळं व्यवस्थित चाललं होतं. अडकायचा तो फक्त एकदाच दाबून वाट बघणारा. आणि कारागिराने वीज घालवली की डबा बंद, कनेक्शन तुटलं, तुटलेल्या कनेक्शनची खिडकी मी न वाचताच पुसून टाकते. पुन्हा सुरू झाला की तो नव्याने सांगतो, मी आहे.

“नानांनी दाबलं होतं,” मी मोठ्याने म्हणाले.

“कोण नाना?” बाईंनी रुमाल बाजूला करून विचारलं.

“माझे वडील. लिफ्टमध्ये अडकले होते. त्यांनी बटण दाबलं होतं.”

“मग दाबणारच ना,” बाई म्हणाल्या. “अडकल्यावर माणूस दुसरं काय करील?”

मला रडू आलं. राग इतका आला होता की त्याला दुसरी वाट सापडली नाही. साहेबांचा राग, त्या टाळ्यांचा, दादाच्या घाईचा, आणि माझ्या त्या दोन शब्दांचा, जे मी किती सहज बोलले होते, चहाचा कप हातात धरून. पण त्याहून जास्त राग नानांचा आला, आणि तो मी लपवणार नाही. दुसऱ्यांदा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? एवढा कसला तो शिट्टीचा ताठा? आई होती तोवर चाललं, ती तुमचं प्रत्येक वाक्य घरभर घेऊन फिरायची. ती गेली आणि तुमचं सगळं बोलणं जिथल्या तिथे पडून राहिलं, आम्ही एक उचलून पुढे निघालो आणि उरलेलं तुम्ही विसरलात असं ठरवून मोकळे झालो. बाईंनी पर्समधून एक घडीचा रुमाल काढून मला दिला. कोरा होता. स्वतःच्या गालावरचा त्यांना सोडवत नव्हता.

कारागीर पोचला असावा, वर कुठेतरी खटके पडले, दिवा गेला, आला, आणि लिफ्ट निमूट खाली निघाली. माझा तिसरा इशारा त्या खटक्याबरोबर पुसला गेला असणार. सर्व्हरला विचाराल तर शेवटचं बटण मी दाबलेलंच नाही. दार उघडल्यावर बाई म्हणाल्या, “पुढच्या वेळी बडवा हो,” आणि गाल धरून निघून गेल्या.

दादाने मला बघताच काच खाली केली. “अर्धा तास! फोन कुठाय तुझा? तिथे ऑफिस बंद होईल, चल बस.” मी पुढचं दार सोडून मागचं उघडलं आणि नानांच्या शेजारी बसले. ते टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते, बाहेर जायचं म्हणून दाढी केलेली, हनुवटीखाली एक जागा राहून गेलेली.

“नाना, तुम्ही बटण दाबलं होतं.”

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. “हो,” ते म्हणाले, आणि पुन्हा खिडकीकडे वळले.

“आता हे काय मधेच?” दादा म्हणाला. त्याने गाडी गिअरमध्ये टाकली होती.

“दादा, नानांनी बटण दाबलं होतं. आमचा सर्व्हर एक पाऊल मागे वाचतोय. चूक माझी आहे. आत्ता मी स्वतः अडकले तेव्हा कळलं.”

“बरं, असेल. आपण रस्त्यात बोलू. ती माणसं थांबलीत.”

“नानांनी बटण दाबलं होतं.”

“अगं हो, ऐकलं.”

“ऐकलं नाहीस. नाना काय म्हणाले होते, बटण दाबलं होतं. मी म्हटलं, तसंच दिसतंय, ते चुकीचं होतं. नाना म्हणत होते बटण दाबलं होतं.”

माझ्या आवाजाला हा सूर कुठून लागला ते मला बोलता बोलताच कळलं, आणि दादालाही कळलं असावं, कारण तो आरशात माझ्याकडे बघत राहिला आणि गाडी काही हलली नाही. हा सूर आमच्या घरात फार दिवसांत कुणी लावला नव्हता. मी नानांकडे वळले.

“आणखी काय सांगितलं होतंत, नाना?”

“म्हणजे?”

“जे सांगितलंत आणि आम्ही ऐकलं नाही ते.”

ते जरा विचारात पडले. खरं तर त्यांना विचार करावा लागत नव्हता, सांगू की नको एवढंच ते ठरवत होते. “स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर गेलाय,” ते म्हणाले. “तुला सांगितलं होतं. मिक्सर चालू होता.”

“अजून?”

“डोळ्यांची तारीख. ह्याला फोनवर सांगितली. हा कुणाशी तरी भांडत होता, गाडीत.”

दादा स्टिअरिंगवरच्या आपल्या हातांकडे बघत होता.

“अजून?”

“तुझ्या आईचा चष्मा माझ्या टेबलावर असतो. तो कुणीतरी आवरून ठेवलाय. हवाय, असं म्हणालो होतो.” तो मीच आवरला होता, सुट्टीच्या दिवशी, मोठं काम केल्याच्या थाटात.

“अजून?”

या वेळी ते बराच वेळ गप्प राहिले. पूर्वीची मी असते तर इथे पुढे सरकले असते. मी बसून राहिले. त्यांनी टोपी एकदा फिरवली, तिची शिवण चाचपली.

“मला तिकडे जायचं नाही,” नाना म्हणाले. “त्या दिवशी जेवताना सांगितलं होतं.”

त्या दिवशी मी त्यांच्या समोरच बसले होते, दादा शेजारी होता. आम्ही खोली कोणत्या दिशेला आहे यावर बोलत होतो. मला आठवतंय, नाना मधेच काहीतरी म्हणाले होते, आणि मी त्यांना वाटतं पाणी हवंय असं समजून तांब्या पुढे सरकवला होता.

दादाने किल्ली फिरवून गाडी बंद केली. इंजिनाचा आवाज थांबल्यावर आत एकदम जागा झाल्यासारखं वाटलं. त्याने मान वळवली नाही. समोरच्या काचेकडे बघतच, आवाज ओढून काढल्यासारखा, तो म्हणाला, “अजून, नाना?”

नानांनी टोपी डोक्यावर चढवली.

“सध्या काही नाही,” ते म्हणाले. “नंतर विचार.”